रांगेतले आणि रांगेबाहेरचे

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत महिन्यातून एकदा एक ठरलेला प्रश्न फिरतो : "डेट हलली का?" अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन आलेलं असतं. ग्रीन कार्डासाठी थांबलेल्या प्रत्येकाला एक प्रायॉरिटी डेट असते, म्हणजे त्याचा अर्ज रांगेला लागला तो दिवस. बुलेटिनमधली तारीख तिथवर पोचली की त्याचा नंबर लागतो. माझ्या भाच्याची डेट २०१५ मधली आहे. २०२५ सालातही भारतीयांसाठीची ईबी-२ ची, म्हणजे नोकरीच्या आधारावरच्या उच्चशिक्षितांच्या वर्गाची, तारीख २०१३ च्या आसपासच घुटमळत होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोनच वर्षं राहिली. पण ही तारीख कधी पंधरा दिवस सरकते, कधी महिनोन्महिने जागची हलत नाही आणि कधी चक्क मागे जाते.

त्याच्या मुलीचा जन्म पुण्याचा, आजोळचा. सहा महिन्यांची असताना ती इथे आली. तिला पुणं आठवत नाही, तिची शाळा, तिची टीम, तिच्या मैत्रिणी सगळ्या इथल्या. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत बापाचा नंबर लागला नाही तर ती त्याच्या अर्जातून गळेल आणि याच देशात परदेशी विद्यार्थिनी म्हणून नव्याने व्हिसा मागेल. हे तिला आत्ताच ठाऊक आहे. चौदा वर्षांच्या मुलीला हे ठाऊक असावं, याचा मला राग येतो.

हिशेब असा आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजलेली. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून जास्त नाहीत, म्हणजे ९,८०० च्या आसपास. आइसलंडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. इतरांकडून उरली तर थोडी आणखी मिळतात. हे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत. थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली तेव्हा हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं एक खेडं होतं. नंतर जग कुठल्या कुठे गेलं, आकडे तिथेच राहिले.

या रांगेतल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. गणपतीत ऐकू येतं, कोजागरीला ऐकू येतं, मराठी शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या आईबापांतही. "आम्ही टॅक्स भरतो, कागद चोख ठेवतो आणि रांगेत सडतो. ते कुंपण ओलांडून आले, आणि पुढाऱ्यांना काळजी त्यांचीच." या वाक्यामागचं दुःख मी जवळून ओळखते. नवऱ्याच्या एच-१ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको म्हणून मी या देशात पहिली वर्षं काढली आहेत, पदवी असून कमावायची परवानगी नसताना. तरीही हे वाक्य मला मान्य नाही. 'ते' आणि 'आम्ही' यांच्यामधली ही भिंत अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात शोधायला गेलं तर सापडत नाही.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी या देशात उतरल्या तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे असे तरुण इथे शिकायला आले आणि गदर चळवळीत शिरले. मग एकेक दार बंद होत गेलं. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच वगळला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना, अमेरिकेच्या लष्करात राहिलेल्या माणसाला, सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९२४ च्या कायद्याने देशनिहाय कोटे बांधले आणि आशियाला जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवलं. खानखोज्यांना पुढे आसरा मिळाला तो मेक्सिकोत. चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेरांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलं. मेक्सिकन माणसाबद्दल आपल्या बैठकीत तुच्छतेने बोललं जातं तेव्हा मला वर्ध्याच्या या माणसाची हटकून आठवण होते.

१९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जागा मिळाल्या. अख्ख्या देशाला शंभर! मग ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी लिंडन जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने वंशावर बेतलेले जुने कोटे मोडीत काढले. त्या कायद्यावर इमॅन्युएल सेलर यांचं नाव आहे. ब्रुकलिनचे हे प्रतिनिधी १९२४ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अगदी नवखे होते आणि त्या वर्षीच्या कायद्याविरुद्ध बोलले होते. तो मोडायला त्यांना एक्केचाळीस वर्षं लागली. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाची इथली कहाणी १९६५ च्या त्या सहीपासून सुरू होते.

आता त्याच कायद्याची दुसरी बाजू. तोवर मेक्सिको आणि एकूणच अमेरिका खंडांतून येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. १९६५ च्या कायद्याने ती पहिल्यांदा घातली, वर्षाला १,२०,००० ची, १९६८ पासून. १९७६ मध्ये तिथल्या प्रत्येक देशाला २०,००० ची वेगळी मर्यादा आली. आणि या सगळ्याच्या थोडं आधी, १९६४ च्या अखेरीला, ब्रासेरो योजना बंद झाली होती. १९४२ पासून चाललेली ही सरकारी योजना. तिच्यात मेक्सिकन शेतमजूर कंत्राटावर येत, हंगाम संपला की परत जात. ऐन भरात वर्षाला चार लाखांवर कंत्राटं होत. तिथे मजुरांचे हाल होत होते, पिळवणूक होती, ती बंद करण्याला सबळ कारणं होती. पण योजना बंद झाली म्हणून कॅलिफोर्नियातली द्राक्षं पिकायची थांबली नाहीत. माणसं त्याच वाटेने त्याच मळ्यांत येत राहिली. काल कंत्राटावर आलेला मजूर आज बेकायदा ठरला. वाट तीच, मळा तोच, मालक तोच, बदलला होता तो कायदा.

म्हणजे ज्या कायद्याने आमच्यासाठी दार उघडलं त्यानेच त्यांच्यासाठी ते अरुंद केलं. आमची रांग आणि त्यांचं कुंपण ही एकाच लेखणीतून उतरली आहेत. हे कळल्यानंतर "त्यांनीही रांगेत यावं" असं मला म्हणवत नाही. कुठल्या रांगेत? कमी कौशल्याच्या कामासाठी कायमचं ग्रीन कार्ड देणारा एक वर्ग कायद्यात आहे. त्याच्यासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा. पंढरपुरात दर्शनबारीला उभ्या राहिलेल्या माणसाला पाय कितीही दुखले तरी बारी गाभाऱ्यापर्यंत जाते एवढा भरवसा असतो. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या शेतमजुराला उभं राहायला बारीच नाही.

जुलै उजाडला की आपली मंडळी मुलाबाळांसह हॅमंटनकडे ब्लूबेरी तोडायला जातात. दक्षिण जर्सीतलं हे गाव ब्लूबेरीसाठी प्रसिद्ध आहे. आपण तासभर तोडतो, फोटो काढतो. पलीकडच्या ओळींत पहाटेपासून वाकलेली माणसं असतात. सरकारच्याच पाहण्या सांगतात की या देशातल्या पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांकडे कागद नाहीत. तीच गोष्ट कित्येक हॉटेलांच्या मुदपाकखान्यांची, आपल्या लोकांच्या हॉटेलांचीसुद्धा. तिथे भांडी घासणारा स्पॅनिश बोलतोच असंही नाही, कधी तो गुजराती किंवा पंजाबीही बोलतो.

कागद नसलेल्यांचा प्रश्न सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न रेगन यांच्या काळात यशस्वी झाला. ६ नोव्हेंबर १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. बदल्यात वचन होतं की यापुढे बेकायदा कामाला ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा होईल. कागद मिळाले, पण वचन पोकळ निघालं. मालकाने कागद सकृद्दर्शनी खरे दिसतात का एवढंच बघायचं होतं, आणि खोटे कागद रस्त्यावर मिळत होते. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांनी तेव्हा कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं. ती आपली चूक होती असं ते नंतर वारंवार सांगत आले आणि २०१३ च्या तशाच विधेयकाला त्यांनी विरोध केला. विरोधकांची ही बाजू मला खोटी वाटत नाही. एकदा फसवल्याची आठवण चाळीस वर्षं टिकली आहे, आणि पुढच्या प्रत्येक विधेयकापाशी ती आधी येऊन बसते.

२००७ चा उन्हाळा मात्र मी वाचलेला नाही, जगलेला आहे. धाकटे बुश आणि सिनेटर केनेडी, मॅकेन यांनी जोर लावलेलं स्थलांतर सुधारणेचं मोठं विधेयक सिनेटमध्ये होतं. २८ जूनला चर्चा संपवून मतदानाकडे जायचा ठराव ४६ विरुद्ध ५३ मतांनी पडला. साठ हवी होती. त्याच महिन्यात आमच्या घरांत वेगळीच धांदल होती. जुलैच्या बुलेटिनने नोकरीच्या आधारावरच्या जवळपास सगळ्या तारखा एकदम खुल्या केल्या होत्या, म्हणजे सगळ्यांना लगेच अर्ज करता येणार होता. वैद्यकीय तपासण्या झाल्या, लशी टोचल्या, नाशिकहून, सांगलीहून जन्माचे दाखले मागवले, सुट्ट्या रद्द झाल्या. आणि २ जुलैला खात्याने सांगितलं की आकडे संपले, अर्ज घेणार नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. नुकत्याच गाजलेल्या एका हिंदी चित्रपटामुळे गांधीगिरी सगळ्यांच्या ओठांवर होती. ठरलं असं, की १० जुलैला नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेच्या संचालकांना फुलं पाठवायची. शिव्या नाहीत, फुलं. देशभरातून शेकडो गुच्छ गेले, आमच्या घरूनही गेला. संचालक एमिलिओ गोन्झालेस यांनी ती फुलं वॉल्टर रीड इस्पितळातल्या जखमी सैनिकांकडे पाठवायला सांगितलं. १४ तारखेला सॅन होजेत मोर्चा निघाला. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला, आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्यात आमचाही होता. मला कामाचा परवाना मिळाला तो त्या फुलांमुळे असं मी आजही मानते.

पण नीट बघितलं तर त्या विजयाने कायद्याचं एक अक्षर बदललं नव्हतं. खात्याने आपली एक घोषणा पाळली, इतकंच. आकडे वाढवायचा अधिकार काँग्रेसचा, आणि काँग्रेसने तीनच आठवड्यांपूर्वी हात झटकले होते. जे आत शिरले ते शिरले, मागे रांग होती तशीच उभी राहिली, आणि माझा भाचा काही वर्षांनी तिच्याच शेवटाला येऊन लागला.

कायदा बदलण्याच्या सगळ्यांत जवळ हा देश आला तो २७ जून २०१३ ला. चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन सिनेटरांनी महिनोन्महिने बसून विधेयक घडवलं होतं. शूमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट एका बाजूचे. मॅकेन, ग्रॅहम, रुबिओ, फ्लेक दुसऱ्या बाजूचे. उपाध्यक्ष बायडन स्वतः पीठासनावर होते, सिनेटर आपापल्या जागेवर बसून एकेक करून मत देत होते. ६८ विरुद्ध ३२. चौदा रिपब्लिकन मतं त्यात होती. प्रेक्षकसज्जातून घोषणा उठल्या.

त्या विधेयकात काय होतं ते आपल्यापैकी फार थोड्यांना आठवतं, म्हणून लिहिते. कागद नसलेल्या सुमारे १.१ कोटी लोकांसाठी नागरिकत्वाची वाट, पण दंड भरून, थकलेला कर भरून आणि तेरा वर्षं थांबून. सीमेवर २०,००० नवे जवान, ७०० मैलांचं कुंपण. आणि आपल्यासाठी, नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा रद्द. नवरा, बायको, मुलं आकड्यात मोजायची नाहीत. ज्या दोन गोष्टींसाठी भाच्याच्या पिढीचं अर्धं तारुण्य खर्ची पडलं त्या दोन्ही एका फटक्यात सुटत होत्या. विधेयक निर्दोष नव्हतं. सख्ख्या भावाबहिणींना बोलावण्याचा मार्ग ते बंद करत होतं आणि याचं मला वाईट वाटलं होतं. माझ्या नणंदेचा अर्ज त्याच वर्गात होता. तरी मी सिनेटर असते तर हात वर केला असता.

कनिष्ठ सभागृहात ते मतदानालाच आलं नाही. तिथे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांचा नियम असा, की आपल्या पक्षातल्या बहुसंख्यांना नको ते पटलावर आणायचं नाही. दोन्ही पक्षांची मिळून बहुमताला लागणारी २१८ मतं जमली असती असं तेव्हाही अनेकजण सांगत होते, पण मोजायची वेळच येऊ दिली नाही. पुढच्या वर्षी १० जून २०१४ ला पक्षाचे सभागृहनेते एरिक कँटर व्हर्जिनियातली पक्षांतर्गत निवडणूक हरले. हरवणारे डेव्हिड ब्रॅट हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, आणि त्यांच्या प्रचाराचा मोठा मुद्दा हाच होता. त्या रात्रीनंतर कोणी रिपब्लिकन पुढारी या विषयाला हात लावेना. महिनाअखेरीला ओबामांनी जाहीर केलं की यंदा मतदान होणार नाही. घोंगडं तेव्हापासून भिजतच पडलं आहे.

मग आपल्या लोकांनी वेगळी वाट धरली : आपलं तेवढं सोडवून घ्या. फक्त देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक १० जुलै २०१९ ला कनिष्ठ सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. आजच्या अमेरिकेत एवढं एकमत क्वचितच दिसतं. सिनेटमध्ये ते अडलं. एकूण आकडा न वाढवता फक्त वाटणी बदलली तर भारतीयांचा नंबर लवकर लागेल, पण इराणच्या इंजिनिअरला, फिलिपिन्सच्या नर्सला वर्षानुवर्षं थांबावं लागेल, हा आक्षेप होता. डर्बिन म्हणत होते, आकडाच वाढवा. आकडा वाढवायला दुसऱ्या बाजूची तयारी नव्हती. २ डिसेंबर २०२० ला सिनेटने बदललेला मसुदा विनाविरोध संमत केला, पण दोन सभागृहांचे मसुदे जुळले नाहीत आणि ३ जानेवारीला काँग्रेसची मुदत संपली. दोन्हीकडे पास होऊनही कायदा झाला नाही! त्या दिवसांत मंडळाच्या ग्रुपवर इराणी आणि फिलिपिनो लोकांबद्दल जे लिहिलं गेलं ते मला वाचवत नव्हतं. दहा वर्षं रांगेत उभं राहिलं की पुढच्याची पाठ शत्रूची वाटायला लागते. कायदे करणाऱ्यांना हे सोयीचंच आहे, आपण त्यांना विचारायचं सोडून एकमेकांकडे बघत बसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एकदा तेच. लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांचं सीमासुरक्षेचं कडक विधेयक आलं. त्याच्या पोटात आमच्यासारख्यांच्या मुलांना एकविसाव्या वर्षी गळण्यापासून वाचवणारी तरतूद होती, थोडे जादा व्हिसाही होते. ट्रम्प यांनी विरोध जाहीर केला आणि ते ४९ विरुद्ध ५० मतांनी अडकलं. भाच्याच्या मुलीला वाचवणारी चार पानं त्या शेकडो पानांबरोबर बुडाली.

'आम्ही वेगळे' म्हणणाऱ्यांना २०२५ ने जे दाखवलं त्यावर आपण अजून पुरेसं बोललेलो नाही. २० जानेवारीला ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश काढला. त्यात आईकडे कागद नसलेलं बाळ होतं, तसंच आईवडील कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असलेलं बाळही होतं. एच-१ वाल्यांचं बाळ आणि कुंपण ओलांडून आलेलीचं बाळ, एकाच आदेशात, लागोपाठच्या दोन कलमांत. न्यायालयांनी त्याला लगेच स्थगिती दिली, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कागदावर उतरलं होतंच. ५ फेब्रुवारीला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तीही काँग्रेसमध्ये एकही मत न पडता. कायदा करणारे कायदा करत नाहीत तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. एका सहीचे आदेश ती भरतात, आणि पुढच्या सहीने ते पुसलेही जातात. माणसाने त्यावर घर कसं घ्यायचं, मुलीला कुठलं कॉलेज सांगायचं?

कोणाला किती घ्यायचं हे ठरवायचा हक्क या देशाला आहे, हे मी मनापासून मानते. फ्लोरिडात, कॅलिफोर्नियात अनुभवी कर्मचाऱ्यांना काढताना आपल्या जागी येणाऱ्या एच-१ वाल्यांना शिकवून जायला लावलं गेलं, तो त्यांच्यावरचा अन्यायच होता. स्थानिकांच्या रोजगाराचा प्रश्न मराठी माणसाने तरी हसण्यावारी नेऊ नये. १९६६ पासून मुंबईने तोच प्रश्न विचारला आहे. सीमा नीट राखा, मालकांना जबाबदार धरा, पगार पाडणाऱ्या कंपन्यांना रोखा, या सगळ्याला माझं मत आहे. त्याचबरोबर जी माणसं वीस-पंचवीस वर्षं इथे राबताहेत त्यांना उजेडात आणा, आणि जी कागद घेऊन उभी आहेत त्यांच्या रांगेला शेवट द्या. २०१३ च्या विधेयकात हे सगळं एकत्र होतं, आणि म्हणूनच ६८ जणांना ते पटलं. सुटं सुटं मागितलं तर दोन्हीकडे मतं मिळूनही कायदा होत नाही, हे २०२० ने शिकवलं आहे.

आपल्यातले पुष्कळजण आता नागरिक झालेत. बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसमध्ये बसले आहेत. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या मतदारसंघांत आपली मतं मोजली जातात, त्यामुळे निवडणूक आली की उमेदवार गणपतीला येतात, आरतीला उभे राहतात, मोदक खातात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "ग्रीन कार्ड बॅकलॉगचं काय?" उमेदवार म्हणतो, तुम्ही तर आदर्श स्थलांतरित, तुमच्यासाठी नक्की करू, आणि टाळ्या पडतात. या वर्षी माझी पाळी आली की मी हॅमंटनच्या मळ्यातल्या मजुराचं आणि माझ्या भाच्याच्या मुलीचं एकाच प्रश्नात विचारणार आहे, आणि दोघांसाठी एकाच विधेयकावर मत देणार का, याचं उत्तर हो की नाही असं मागणार आहे. मंडळाच्या दोन-तीन मैत्रिणींना मी हे सांगितलं. एक म्हणाली, "अगं, लोक चिडतील." चिडू देत. दुसरी म्हणाली की ती माझ्या शेजारी उभी राहील.